भंतेजींचं पात्र अन् आमचे मामंजी

माझं माहेर वाशीकडचं, दिलं बेंबळीकडच्या एका गावात, अन् आल्या आल्या मोठा दुष्काळ पडला, नवी नवरी अन् दुष्काळी कामावर खडी फोडायला, पर काय सांगू तुमाला, हसायचो लई आमी, रेशनच्या मिलोची, त्या परदेशी जवारीची, लाल लाल भाकर खायाची अन् हसायचं, माझी मोठी जाऊ लई चावट, तोंडाला तिच्या कड्याच न्हाईत.

तर त्या साली आमच्या समाजमंदिरात एक भंतेजी वर्षावासाला आले, पावसाळाभर भिक्षूनं एका जागी राहायचं असतं, अन् पावसाचा तर पत्ता न्हाय, जाऊ त्यांनला म्हणली, तुमी तेवढे आलाव, पाऊस कुठं ठिवला? ते बी हसले. सांजच्याला आमा बायांना पालीतल्या बुद्धवंदनेचा अर्थ सांगायचे, तवर आमी नुसतं पोपटावानी म्हणायचो, मला तर ती सांज कधी होती असं व्हायचं.

पर ते म्हणले, म्या भिक्षेचं पात्र घेऊन दारोदार येणार, बुद्ध बी तसंच जायचे, मूळ रीत हाय. झालं! आमचे मामंजी, म्हंजी माझे सासरे, उठले. त्यांनी येसकरकी केलेली, गावाची राखण करायची अन् दारोदार हुबं राहून वाढा मायबाप म्हणायचं, शिळंपाकं घ्यायचं. म्हणले, आमची बी हीच मूळ रीत व्हती, ती सोडायला तर आमी धम्म घेतला, घरात बसा, ताट वाढतो, पर दारात भांडं धरायचं न्हाय. भंतेजी म्हणले, मंग म्या दुसऱ्या गावी जातो. म्या जावंला म्हणलं, आता अर्थ कोन सांगनार?

पर सकाळी भंतेजी गेले न्हाईत, आमच्या दारात आलेच, पात्र घेऊन गप हुबं. मामंजी दारात आडवे. म्हणले, मागा की, काय म्हणायचं ते म्हणा. भंतेजी बोलंनात, मान ताठ, डोळे खाली. सासू चुलीपाशी गरम भाकर घेऊन तशीच, म्या तिच्या मागं.  मंग मामंजी हळूच इचारते झाले, तुमी मागत न्हाय व्हय? भंतेजी म्हणले, न्हाय, मागायचं नसतं, कुणी दिलं तर घ्यायचं, न्हाय तर फुडं जायचं.

मामंजींनी हात धुतले, सासूच्या हातातली भाकर घेतली, पात्रात घातली, अन् वाकून पाया पडले, अन् वर उठले ते हसतच, डोळ्यांत पानी अन् हसतेत. म्हणले, अगं बघितलं का, हितं देणारा वाकतोय! जलमभर घेणारा वाकला, अन् हितं देणारा वाकतोय! दिवसभर जो भेटंल त्याला तेच सांगत सुटले, अन् दुसऱ्या दिवसापसनं सगळ्यांच्या आधी आंघोळ करून दारात.

मामंजी अन् ते भंतेजी, दोघं बी गेले आता. हल्ली भंतेजी मोटारीत येतेत, बुद्धइहारात जेवणाचं टेबल लागतं, लेक म्हणतो, आई, हे बरं हाय. असंल बाबा, येळ बदलली, म्या नावं ठिवत न्हाय. पर पहिली भाकर म्या माझ्या हातानं वाढती, तवा अंगावर मूठभर मास चढतं.

तुमी चाललाव कुठं? बसा. तवा तापलाय. नगं म्हणू नगा, म्हातारीला वाढू द्या.