बेलाच्या अंगाची भुई

बाग? — कालपासून तुमी बागच म्हणायलाव, दिनकरराव. आमच्या महालिंगाकडून ही जमीन घेणार, मोसंबी लावणार — मंजी ती बाग झाली, कबूल. वांगी-मिरची लावली की मळा. घरामागं आळू-शेवगा असला की परडं. जिंतूरला साहेबाच्या बंगल्याम्होरं फुलं होती, त्याला आमचे मालक चमन म्हणायचे — निजामाच्या वख्ताचे ते, तोंडात तसलेच शब्द. आन् ह्याला काय म्हणावं? एक बेल, दोन कण्हेरी, हा मोगरा — गाव म्हणतंय मल्लम्माची बाग, आन् हसतंय — हसू द्या. — अवो, तिकडून या, तिकडून! मोगऱ्यावर पाय नका देऊ, मालक हायत तितं.

कामून दचकलाव? महालिंगानं सांगितलं न्हाई? मायची फुलझाडं हायत, उपटून टाका, म्हणला? — बापाला स्वतःच्या हातानं बसवलंय त्यानं हितं. आमी लिंगायत, आमच्यात जाळत न्हाईत — मातीत मांडी घालून बसवत्यात, हातात लिंग देऊन. चपला काढल्याव? बरं केलंव. दुष्काळात प्यायला पाणी नव्हतं, तवा भांडी धुतलेलं पाणी घालून जगवलाय हा मोगरा. सकाळचा चहा हितंच आणते, बोलत बसते — गाय आटली, महालिंगाचा सांगावा न्हाई — असलंच काईबाई. घरात कुणासंगं बोलू? भिंतीसंगं? लय एकलं वाटतंय वो. सून येती, उभ्याउभ्या जाती. — बगा, कुणाला बोलले न्हाई ते तुमाला बोलायले.

तेवढा कोपरा सोडता? तारंचं कुंपण घालता? भलं होवो तुमचं. मंग बेलाच्या अंगाची ही मोकळी भुई बी सोडा. मुद्दाम काई लावलं न्हाई मी हितं. कामून मंजी — माजी हाय ती. त्यांच्याशेजारची. बसल्या माणसाला जागा ती कितीशी लागती?

काय? हीर? — हितंच? पाणी बगणाऱ्यानं हीच जागा दावली? नारळ बी फोडला?

आन् महालिंग उभा होता तवा? काय म्हणला? — माय माज्याकडं परभणीला ऱ्हाईल, म्हणला? ऱ्हाईल की. आन् मेल्यावर कुठं बसवणार मला, ते इचारलंव त्याला?

जमीन माज्या नावावर हाय. न्हाई द्यायची. घाला चपला, जावा. कुपाटी लावून घ्या जाताना — शेळ्या शिरत्यात.