प्रमोदच्या संख्येचा निकाल

शिरोड्याच्या माझ्या मित्राचं, प्रमोदचं, वेड तुम्हाला सांगायचं राहिलंच. कोट्यवधी अंकांची एक संख्या मूळ आहे का, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नाही ना, हे त्याचा कॉम्प्युटर महिनोन् महिने तपासत होता. निकालाआधीच प्रमोद काविळीने गेला.

तेराव्याला मी कॉम्प्युटर बंद करायला उठलो, तर त्याची आई आडवी आली.

"बंद करू नको रे. तेचा काम पुरा होवंदे."

वीज गेली की इन्व्हर्टरची वीज कॉम्प्युटरला पुरावी म्हणून काकी, म्हणजे त्याची आई, घरातला एक दिवाही लावायची नाही. महिन्याभराने दुपारी तिचा फोन आला, "कॉम्प्युटरवर इंग्रजीत कायतरी इलाहा."

मी धावत गेलो. संख्या मूळ नव्हती.

"काय इला?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण प्रमोदला ते चाललं नसतं.

"काकी, भाग जाता तिका."

"म्हणजे सगळा फुकट गेला?"

"नाय. आता ही संख्या परत कोणाक तपासूक नको."

"मगे झाला," म्हणत तिने स्वतःच बटण बंद केलं. प्रमोद गेल्यापासून दाबून धरलेला हंबरडा तिने तेव्हा फोडला.