खिडकीवरची गोधडी

पडद्यांचा विषय निघालाय म्हणून सांगतो. आमच्या हिचा राग परवा चक्क एका खिडकीवर निघाला.

मुलगी मुक्ता जर्मनीत असते. बिबवेवाडीतून हिने तिला स्वतःच्या जुन्या साड्यांची गोधडी शिवून पाठवली. परवा व्हिडिओ कॉलवर बघते तर गोधडी खिडकीला टांगलेली!

"अगं, ती अंगावर घ्यायची असते. खिडकीला हुडहुडी भरलीय का?"

"हो, आई! काचेतून सगळी ऊब बाहेर जाते. ही लावल्यापासून हीटर फारसा लावावाच लागत नाही."

"आधी उतरव ती."

"ऐक तरी. काल एका अनोळखी बाईंनी बेल वाजवली. साताऱ्याच्या निघाल्या. रस्त्यावरून गोधडी दिसली म्हणून जिना चढून आल्या. म्हणाल्या, जरा हात लावू?"

ही फोनच्या आणखी जवळ सरकली.

"मग त्यांनी कोपरा चाचपत विचारलं, 'आईने पोळी घातली असेल ना गं आत?'"

आमच्याकडे गोधडीचा शेवटचा टाका घालण्याआधी आत पोळीचा तुकडा ठेवतात, गोधडी उपाशी राहू नये म्हणून. मुक्ताला हे ठाऊकच नव्हतं.

"मी म्हटलं, माहीत नाही. मग बाई गोधडीला गाल लावून थोडा वेळ उभ्या राहिल्या, आणि गेल्या."

मला वाटलं, आता ही रडणार. तर कडाडली,

"गेल्या? अगं, मी गोधडीलासुद्धा जेवू घातलं, आणि तू त्या बाईला उपाशी पाठवलंस?"