कॉफीच्या दुकानाबाहेर वीस जोड चपला

चपला काढू नका हो, चपला काढू नका! कॉफीचं दुकान हाय, देऊळ नाय!... असं मी उद्घाटनाच्या दिवशी सकाळपासनं ओरडत होतो, तुमाला सांगतो, घसा बसला, पण एक माणूस ऐकेल तर शपथ! आणि हे कशानं? त्या नव्या फरशीनं! छान झालीय हां. मी कुठं नाय म्हणतो? छानच झालीय!

टोकावड्याला, माळशेजच्या रस्त्यावर, बघितलंच असेल तुमी माझं दुकान... नसेल बघितलं. म्हणूनच तर हा सगळा उपद्व्याप! अख्खा रस्ता चहाचा, मी एकटा कॉफीवाला, तीपण जायफळ घालून, पण घाटात जाणाऱ्या गाड्या थांबतील तर ना! सुसाट पुढं! हे असंच चाललं असतं तर दुकानाला कुलूपच लागलं असतं. तेवढ्यात माझी पुतणी भूमिका कल्याणवरनं इंटिरियरचा कोर्स करून आली. "काका, मला करू द्या ना. माझं पहिलंच काम हाय, फोटो दाखवल्याशिवाय पुढचं कोण देणार मला?" आता पोरीला नाय कसं म्हणू? दिलं दुकान ताब्यात!

पंधरा दिवसांत बाकडी गेली, भिंतींचा हिरवा रंग गेला, तिथं आलं नुसतं करडं सिमेंट. आमचे रोजचे धाऊकाका भिंतीवर हात फिरवून म्हणतात कसे, "अनिल, रंग काय भातकापणी झाल्यावर देणार काय रे?" म्हटलं, "काका, हीच फॅशन हाय." "असं? मग आमचा गोठा लय फॅशनचा हाय म्हण की!"

वरनं दोऱ्यांना लोंबणारे पिवळे दिवे, उजेड इतका की समोर बसलेला माणूस आवाजावरनं ओळखायचा. आणि माझे बाबा, ज्यांनी दुकान काढलं, बारा वर्षं झाली त्यांना जाऊन, त्यांचा फोटो समोरच्या भिंतीवर एकटाच. त्याच्यावर खास दिवा, ताजा हार! "काका, याला हेरिटेज कॉर्नर म्हणतात." छान झालंय, मी कुठं नाय म्हणतो?

तर उद्घाटनाला माणसं आली. लावणीचे दिवस, पायाला चिखल, आणि समोर ही आरशासारखी फरशी! काढल्या चपला. खुर्च्या पांढऱ्याशुभ्र, मळतील म्हणून कोणी टेकेना, सगळे भिंतीला पाठ लावून खाली. त्या अंधुक उजेडात आपोआप आवाज खाली आले... धाऊकाका, ज्यांचं बोलणं पलीकडच्या ढाब्यावर ऐकू येतं, ते कुजबुजायला लागले! आणि दारात मी, भूमिकानं सांगितलं म्हणून पांढरा सदरा घालून, हात जोडून उभा!

समोर मुरबाडची एसटी थांबली. खिडकीतनं लोकांना काय दिसलं असेल, सांगा? बाहेर वीस जोड चपला, आत हार घातलेला फोटो, खाली माना घालून बसलेली माणसं... झालं! तासाभरात आमची पारूमावशी डोक्यावर टोपली घेऊन हजर. टोपलीत पिठलं, भाकऱ्या. अशा घरात चूल पेटत नाय ना, म्हणून! टोपली ठेवली, माझ्या गळ्यात पडली, मनसोक्त रडली आणि मग विचारते, "कोण गेलं रे?"

"कोणी नाय गेलं मावशी!"

"मग चपला कोणाच्या?"

मी सांगेपर्यंत तिच्या मागनं किन्हवलीचे व्याही, त्यांच्या मागनं आख्खा पाडा! मी ट्रे घेऊन फिरतोय, "कॉफी घ्या हो, कॉफी!" तर माझ्या पाठीवर हात ठेवतात, "राहू दे रे, अशा वेळी कसली कॉफी..." आणि 'येतो' न म्हणता निघून जातात! भूमिका कोपऱ्यात डोळे पुसत होती. पहिलं काम हो पोरीचं! आणि तिला रडताना बघून आणखी चार बायकांनी सूर लावला!

शेवटी मावशी म्हणाली, "गेलं कोण ते मागनं बघू, पिठलं निवतंय." वाढलं तिनं फरशीवरच पंगत बसवून. आणि तेवढ्यात... गाडी थांबली! खरंच थांबली! मुंबईची चार पोरं उतरली, आत बघितलं, गुपचूप बूट काढले आणि बसली पंगतीला. "आंटी, एक भाकरी और!" भाकरीचे फोटो, फरशीचे फोटो, दिव्यांचे फोटो. भूमिकाचा चेहरा असा खुलला म्हणता! छान झालं, मी कुठं नाय म्हणतो?

संध्याकाळी तिनं मोबाइल माझ्यासमोर धरला. पोरांनी पाच चांदण्या दिलेल्या, खाली लिहिलेलं, 'जागा सुंदर, पिठलं अप्रतिम, मालकांच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.' तेव्हापासनं रोज पाच-सहा गाड्या थांबतात बघा. पिठलं मावशी करते, कॉफी कोणी विचारत नाय. मलापण काम दिलंय भूमिकानं. गल्ल्यावर बसायचं आणि गिऱ्हाईकासमोर हसायचं नाय.