फक्त रसावर

...नाही हो, फेकू नका ते कात्रण, द्या इकडे. वाचते ना, वाचायचाच तर पगार घेते — या रुग्णालयात कुणी काय खायचं ते मी सांगते, आणि मनाला येईल ते सांगत नाही. हे बघा, 'फक्त रसावर राहून गाठ विरघळली' — किती जणांची? बारा. तेही चालते-फिरते. तुमचे मिस्टर उठून बसतात का? नाही ना. म्हणून एका अभ्यासाला भुलायचं नसतं. सगळीकडचे अभ्यास गोळा करायचे, फसलेलेसुद्धा, दोघांनी वेगवेगळं बसून चाळायचे — एकमेकांच्या कागदात डोकवायचं नाही — कच्चे बाजूला, उरलेल्यांचा एकत्र हिशोब. दोघांचं जमलं नाही तर तिसऱ्याला विचारायचं. आणि तो हिशोब म्हणतो, रसाने गाठ जात नाही, माणूस मात्र खंगतो.

दगडाच्या काळजाची वाटले ना? वाटू दे. माझी धाकटी बहीणही तेच म्हणते — म्हणायची, आता बोलतच नाही. बाबांना हेच दुखणं. ती पहाटे उठून रस काढायची, मी म्हणायचे जेवू दे त्यांना — रोजची वादावादी. आणि घरात तिसरं कोण? बाबाच. एकदा ती बाहेर गेली तसे म्हणाले, 'खरं सांग, त्या सगळ्या अभ्यासांचं मिळून काय म्हणणं?' सांगितलं — फायदा नाही, बाबा. हसले. 'मलाही पटलंय. पण तिला कळू देऊ नकोस, आणि आता भांडूही नकोस. तिच्या हातात तेवढंच आहे.' ती आली तसा पेला तोंडाला लावला — घोट उतरत नव्हता हो, तरी म्हणे, 'छान झालाय.' मी गप्प. ते जाईपर्यंत गप्प. आता ती सगळ्यांना सांगते, ताईने आडकाठी घातली, नाहीतर रस आधी सुरू झाला असता, बाबा वाचले असते. काय सांगू तिला? तुझ्यासाठी प्यायले, असं? मोडून पडेल ती. त्यापेक्षा माझ्याशी नाही बोलली तरी चालेल — नाही, चालत नाही, अजिबात चालत नाही, फोन वाजला की अजून —

हे का सांगत बसले मी तुम्हाला! कुणाला सांगितलं नव्हतं. उठा, आत जा. काय खावंसं वाटतंय ते त्यांना विचारा. आणि तुमच्या तोंडाकडे बघून 'तू देशील ते' म्हणाले ना — तर तेवढं ऐकू नका. जा.