निघाली म्हणायचं असतं

नाही, ते बटण दाबायचं नाही. मोबाइल ठेव खाली, टेबलावर, मला दिसेल असा. राजीनामा काय असा अंथरुणात बसून, केस न विंचरता पाठवतात होय — आणि मामाला संध्याकाळपर्यंत कळवायचंय ना, मग अजून अख्खा दिवस पडलाय, तेवढ्यात आजीचं ऐकून घे. ओरडत नाहीये मी. माझा आवाजच असा आहे. गोदामात पंख्यांच्या, इंजिनांच्या, ढकलगाड्यांच्या वरून बोलत जन्म गेला. नोकरी संपली तेव्हा साहेबांनी किल्ल्या परत घेतल्या, आवाज कोणी परत मागितला नाही. तेव्हा आवाजावर जाऊ नकोस, मुद्द्यावर ये. मुद्दा काय, तर तुझ्या एका गाडीचा माल चुकला आणि तू गोदामातली नोकरी सोडून मामाच्या विमा कचेरीत खुर्चीवर जाऊन बसणार. बस की. खुर्ची आहे, पंखा आहे, खिडकीत कुंडी आहे. त्या कुंडीतलं झाडसुद्धा कंटाळून एका बाजूला कललंय, तू पाहिलंयस.

मला पुन्हा सांगू नकोस काय झालं ते, मला सगळं ठाऊक आहे. गाडी भरताना माल उलटा भरायचा — ज्याच्याकडे शेवटी जायचं त्याचा आधी, पार आत. ज्याच्याकडे पहिल्यांदा थांबायचं त्याचा शेवटी, दाराशी. हे तू अगदी नीट केलं होतंस. नंतर सकाळी पूल बंद झाला आणि तू रस्ता फिरवलास, शेवटचं ठिकाण पहिलं केलंस, पहिलं शेवटी नेलंस. डोकं चालवलंस, त्यात काही चूक नाही. फक्त फिरवलंस ते कागदावर. गाडीतला माल कोण फिरवणार, तो बिचारा होता तसाच बसून राहिला. मग बाळंतपणाच्या दवाखान्यासमोर लंबू ड्रायव्हरने दार उघडलं, तर दवाखान्याच्या गाद्या पार तळाशी आणि दाराशी कमोड. गाद्या काढायच्या तर आधी कमोड उतरवा, उतरवून ठेवणार कुठे, तर फुटपाथवर — दवाखान्याच्या फाटकापासून थेट कोपऱ्यापर्यंत पांढरीशुभ्र रांग. आणि त्यातल्या एकावर एक म्हातारा येऊन बसला म्हणे, सुनेची वाट बघत, पाय पसरून, वर्तमानपत्र उघडून. आणि उठायला तयार नाही — म्हणतो, दवाखान्याने सोय चांगली केलीय, जरा उशी दिली असती तर — हसलीस. नाही, हसलीस तू, मी पाहिलं. तोंड फिरवलंस म्हणून काय झालं, खांदे हलतायत की.

काय? म्हाताऱ्याचं तू सांगितलं नव्हतंस? नसशील. लंबूने सांगितलं. कुठे भेटला म्हणजे — भेटला. रस्त्यात. फाटकाशी. गोदामाच्याच फाटकाशी, दुसरं कुठलं असणार. डॉक्टरांनी रोज सकाळी चाला म्हणून सांगितलंय, कुठे चाला ते सांगितलेलं नाही. मी आपली चालते, तिथे टपरीवर चहा घेते, दोन गाड्या सुटताना बघते, परत येते. कोणाला त्याचा त्रास नाही. पहारेकऱ्याने तर माझ्यासाठी खुर्ची ठेवलीय. बरं, ते राहू दे. मी काय म्हणत होते —

हां, लंबू. तो तुला कमोडबाई म्हणतो याचं तुला लागलंय. माल चढवायच्या सगळ्या ओट्यावर ते नाव झालंय, हमालसुद्धा म्हणतात, आणि तुला वाटतंय हसतायत तुला. हसतातच. पण पुढे काय सांगतात ते ऐकायला तू थांबतेस कुठे, तू आपली मान खाली घालून केबिनमध्ये. लंबू काय सांगत फिरतोय माहीत आहे? सांगतो, इतकी वर्षं गाडी चालवली, माल चुकला की वरून फोन येतो, तुझ्याकडे बघून घेतो म्हणून. पहिल्यांदा असं झालं की फोन आला नाही, बाईच आली. आपल्या स्कूटरवर, ते पिवळं जाकीट घालून. चूक माझी आहे काका, म्हणाली, आणि दुसऱ्या टोकाला हात घातला. म्हणतो, कमोड उचलताना मी वाकडा झालो, बाई नाही झाली. हे तो ज्याला-त्याला सांगतो. तोंडी लावायला सांगतो. ज्या माणसाला ड्रायव्हर नाव ठेवत नाहीत ना, त्याला ते ओळखत नाहीत असं समज. मला काय म्हणायचे, विचार तुझ्या आईला — तोफ. समोर ताई, पाठीमागे तोफ. मला आवडायचं. मी एकदा मुद्दाम कठड्याआड उभी राहून ऐकलंय.

आणि मला कोणी शिकवलं गं? तुझ्याकडे निदान डिग्री आहे, भिंतीवर फोटो आहे टोपी घालून. मी आले ती फाटकी पोती शिवायला. खोक्यांवरची गावं वाचत वाचत वाचायला शिकले — म्हणून अजून मला सगळ्यात आधी ‘काच, सांभाळा’ वाचता येतं, बाकीचं नंतर. कोणती गाडी कुठे, कोण ड्रायव्हर चढावर घाबरतो, कोणाला घरी तान्हं मूल आहे म्हणून लांब पाठवायचं नाही, हे कोणी सांगत नाही, बघून बघून अंगात मुरतं. ड्रायव्हरला फोन केला की आधी विचारायचं जेवलास का, मग विचारायचं पोचलास का. उलटं विचारलंस तर दोन्हीची उत्तरं खोटी येतात. आणि शाबासकीची वाट बघायची नाही. या धंद्यात माल वेळेवर पोचला तर कोणी फोन करत नाही. दवाखान्यात त्या दिवशी गाद्या पोचल्या, बायका त्यावर निजल्या, पोरं झाली — त्यातली एक तरी म्हणेल का, ही गादी कोणी पाठवली? नाही म्हणणार. आपल्याला आपलं माहीत असतं. रात्री पाठ टेकली की माहीत असतं. मला तेवढं पुरलं.

आणि एक गोष्ट, ही कुठल्या पुस्तकात नसते. दिवसभर एकच प्रश्न येतो. दुकानदार विचारतो, साहेब विचारतात, साहेबांचे साहेब विचारतात — गाडी निघाली का? आणि उत्तर एकच. निघाली. गाडी ओट्याला लागलेली असते, ड्रायव्हर दाढी करत असतो, अर्धा माल अजून खाली असतो, तरी आपण म्हणायचं निघाली. खोटं कसलं आलंय त्यात? खोटं कधी, तर निघाली म्हणून नुसतं बसून राहिलं तर. निघाली म्हणायचं, फोन ठेवायचा आणि धावायचं. साबणाच्या तोंडाने ड्रायव्हरला गाडीत बसवलंय मी. एकदा तोंडातून गेलं की मग खरं करून दाखवण्याशिवाय गत्यंतर नाही, अशी ती गंमत आहे. माझी सगळी नोकरी म्हणजे आधी निघाली म्हणायचं आणि मग धापा टाकायच्या.

वाजतोय बघ. थरथरून थरथरून टेबलाच्या कडेला आलाय, आता पडेल. बघ तरी कोणाचा आहे. लंबूचा ना? मला वाटलंच — मला कसं वाटलं म्हणजे? वाटलं. बरं, सांगते, डोळे वटारू नकोस आजीवर. सकाळी बोलले मी त्याच्याशी. त्याची गाडी भरून उभी आहे आणि तो दार लावत नाहीये. मॅडम येऊन आत डोकावल्याशिवाय लावणार नाही म्हणतो, आता नेहमीच तसं करायचं म्हणतो. मी नाही पढवलं त्याला. म्हणजे म्हटलं असेन एवढंच, की बाबा रे, आज जरा अडून बस. तो म्हणाला, ताई, मी तसाही बसणारच होतो. आता बोल.

आणि खरं सांगायचं तर — जाऊ दे. काही नाही. तसं नाही गं, मामाचं ऑफिस चांगलंच आहे. पण मी घरी बसले त्या दिवसापासून या घरात फोन वाजायचा बंद झाला होता. जेवताना वाजायचा नाही, अंघोळीला गेलं की वाजायचा नाही. मी उचलून बघायची, मेला तर नाही ना. मग तू लागलीस कामाला आणि ताटावर बसलं की पुन्हा वाजायला लागला. तू वैतागायचीस, आणि मी तोंडात घास धरून ऐकायची, कुठली गाडी, कुठे अडकली. माझा घास गोड व्हायचा. विमा कचेरीचा फोन जेवताना येत नाही. एवढंच. यात रडण्यासारखं काय आहे, माझ्या डोळ्यांत कचरा गेलाय, खिडकी उघडी आहे.

परत वाजतोय. घे. नाही घ्यायचा? विचार करायचाय? कर, बसून कर. मी घेते. मध्ये बोलायचं नाही, हात धरायचा नाही, सोड — जाकिटाची चेन मी दुरुस्त केलीय, बूट पुसून दाराशी ठेवलेत — हॅलो? हो, आजीच. अरे ऐकू येतंय मला, तू कशाला ओरडतोस. कोण, मॅडम?

निघाल्या.