पाचव्या दिवसाची आंघोळ

माझं माहेर दिंडोरीकडचं, गावाचं नाव नका लिहू ताई, भाऊ अजून तिथंच राहतो, त्याच्या पोरींची लग्नं व्हायचीत. सातवीत होते तेव्हा मला न्हाण आलं, मला वाटलं पोटात काहीतरी फुटलं, आता मी मरते. आईला सांगितलं तर म्हणे गप, कुणाला बोलू नको, ओट्यावर जाऊन बस, कशाला शिवू नको. झालं, एवढंच माझं शिक्षण. चार दिवस बाहेर, ताट वेगळं, तांब्या वेगळा, पाचव्या दिवशी डोक्यावरून आंघोळ केली की घरात. हे कशानं येतं, लग्नानंतर काय होतं, कुणी चकार शब्द बोललं नाय.

सोळावं लागलं न लागलं तोच लग्न लावून दिलं. मालक सातपूरला कंपनीत कामाला, सुट्टीला गावी यायचे. माणूस चांगला, कधी हात उचलला नाय, येताना चिवडा आणायचे. पोरगी झाली, सोनी. ती चालाय-बोलाय लागली आणि मालक वाळाय लागले, ताप जाईना, जुलाब थांबंनात. नाशकात दाखवलं तर डॉक्टरनं माझं पण रक्त काढलं, पोरीचं पण. मला आणि सासूला समोर बसवून म्हणे, रक्तातून पसरणारा आजार आहे, नवऱ्याला आहे, बायकोलाही आहे, मुलगी साफ आहे. शिवल्यानं होत नाही, एकत्र जेवल्यानं होत नाही, असं लय समजावलं बिचाऱ्यानं. पण सासूच्या कानात रक्त एवढाच शब्द शिरला.

मालक गेले. तेराव्यानंतर सासूनं माझं ताट ओट्यावर ठेवलं. मला वाटलं म्हातारीची चूक झाली, मी म्हटलं, आत्याबाई, मी बाहेरची नाय झाले अजून. तर डोळ्याला पदर लावून म्हणे, रक्ताचा आजार म्हणजे विटाळच की गं, तुझा पाचवा दिवस कधी यायचा ते देवालाच माहीत. काय सांगू तुम्हाला, ती दुष्ट नव्हती हो. तव्यावरची पहिली भाकरी मलाच वाढायची. बाईच्या रक्ताचं काय करायचं ते तिला एकच शिकवलेलं, तेच तिनं केलं. पण एकटीनं बसून खाताना घास उतरत नाय. सोनी दारातून बघायची, मी हात पुढं केला की म्हातारी तिला आत ओढायची.

मग मी सातपूरला आले, एका वर्कशॉपमधी नटबोल्ट पॅकिंगला लागले, पत्र्याची खोली घेतली. पोर दे म्हटलं तर सासू म्हणे, ती साफ हाय, तुझं काय खरं नाय, राहू दे माझ्याकडं. खरंच होतं, तेव्हा गोळ्या कुठं होत्या. पुढं सिव्हिलला फुकट मिळाय लागल्या म्हणून आज तुमच्यासमोर बडबडतेय. पण खोलीत बोलायला कोण? भांडायला पण कुणी नाय, मग मी शेजारच्या टीव्हीवरच खेकसायची. गावी गेले तर पुन्हा तोच ओटा, तेच ताट.

मागच्या उन्हाळ्यात अशीच गेले, तर ओट्यावर माझ्या जागी सोनी बसलेली, गुडघ्यात तोंड घालून. तिला न्हाण आलं होतं. सासू आतनं म्हणे, बरं झालं आलीस, बसा आता दोघी. आणि दोन ताटं आली. किती वर्षांनी हो माझ्या शेजारी कुणी जेवत होतं! तिनं माझ्या ताटातली चटणी बोटानं उचलली तशी मी चपापले, तर म्हणे, शाळेत शिकवलंय आई, असं नाय होत. मग मी पण लाज सोडून सगळं सांगितलं, हे कशानं येतं, पोर कसं राहतं, तिच्या बापाला काय झालं, मला काय हाय, आणि नवऱ्यामुलाचं रक्त तपासल्याशिवाय मांडवात उभी राहू नको म्हणून. लय रडली, मग मलाच थोपटत झोपली.

पाचव्या दिवशी सासूनं पाणी तापवलं, हाक मारली, सोने, न्हाऊन घे, घरात ये. पोरगी जागची हलली नाय. म्हणे, आज्जे, अजून थांबलं नाय गं. माझ्याकडं बघितलं पण नाय कारटीनं. तिचं कापड सकाळी मीच धुतलेलं, एक डाग नव्हता त्याला.

आता महिन्याला दुकानातल्या रुपयाच्या डब्यावरून फोन येतो, आई, मी बाहेर बसले, ये. मी खाडा करून जाते. सिव्हिलमधल्या बाई रागावतात, विटाळ वगैरे काही नसतं, पोरीला असं बसू देऊ नका. पटतं हो, पोरीला पण पटतं, आणि दोघी जाऊन ओट्यावर बसतो. म्हातारी आता थकली, देव तिचं भलं करो. परवा पाणी तापवून हाक मारली तिनं, आम्ही दोघी उठलोच नाय. जरा वेळानं आतनंच म्हणे, थांबलं नसंल तर बस बाई आईजवळ, मी उद्या परत तापवीन पाणी.